ग्रुपचा चार्ज कुणाला देऊ?

पत्र थोडक्यात असं. मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका येत्या ३१ मे ला निवृत्त होतायत. २०१४ मध्ये आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांमधल्या, पंधरा-वीस जणांना घेऊन त्यांनी शिक्षकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, तो वाढत वाढत आज राज्यभरातल्या सातशेच्या वर शिक्षकांचा झालाय. त्यांचं म्हणणं, आता त्यात जीव राहिला नाही, सकाळी सुविचार, दुपारी बदल्यांच्या अफवा आणि रात्री वाढदिवस एवढंच चालतं. नवीन पोरं बोलत नाहीत, जुने थकलेत. म्हणून निवृत्तीच्याच दिवशी निरोपाचा मेसेज टाकून ग्रुप कायमचा बंद करावा असं त्यांच्या मनात आहे. दुसरे अ‍ॅडमिन तरुण आहेत, ते म्हणतात बंद करू नका, माझ्याकडे द्या, पण त्यांचं स्वतःचं यूट्यूब चॅनेल आहे आणि ग्रुपचा जाहिरातीचा फलक होईल अशी मॅडमना भीती. ग्रुपमधले एक सर कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले, त्यांचा नंबर आता त्यांची मुलगी वापरते आणि तिने आजपर्यंत ग्रुप सोडलेला नाही, तिला काय वाटेल हाही प्रश्न आहे. 'बंद करू, देऊन टाकू की गुपचूप निघून जाऊ? आणि सातशे लोकांचा निरोप घ्यायचा तरी कसा?' असं त्या विचारतात. ता.क. मध्ये आणखी एक, निवृत्त शिक्षकांच्या एका ग्रुपमध्ये त्यांना आत्तापासूनच अ‍ॅड करून ठेवलंय, त्याचं काय करायचं.

मॅडम, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली साडेतीन पानं ग्रुप कसा संपलाय यावर आहेत. पण तिसऱ्या पानावर तुम्ही कंसात एक वाक्य लिहिलंय, बहुतेक सहज ओघात आलं असेल, की मागच्या नोव्हेंबरात तुमच्याकडच्या एका सरांनी विचारलं होतं, माझ्या वर्गातली तिसरीची एक मुलगी आईबापासोबत ऊसतोडीला शिरोळकडे गेलीय, फडाजवळ शाळा कुठली, आणि वीस मिनिटांत तिकडच्या एका मॅडमचं उत्तर आलं, 'आमच्याच शाळेच्या मागे टोळी उतरलीय, उद्या सकाळी जाऊन बघते.' आणि ती मुलगी मार्चपर्यंत तिथे शाळेत बसली.

हे कंसात टाकायचं वाक्य आहे का मॅडम? मी तर पत्राची सुरुवातच इथून केली असती.

ज्यांना हा विषय माहीत नाही अशा वाचकांसाठी सांगतो. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. मुलाचं नाव इथल्या हजेरीत आणि मूल तिकडे पाचटाच्या खोपीत. सरकारने हंगामी वसतिगृहं केली, शिक्षण हमी कार्ड काढलं, म्हणजे मूल ते कार्ड घेऊन कुठल्याही शाळेत जाऊन बसू शकतं. कागदावर सगळं बरोबर आहे. पण सात-आठ वर्षांचं पोरगं अनोळखी तालुक्यात कार्ड हातात घेऊन एकटं शाळा शोधत जाणार नाही, कोणीतरी सकाळी फडावर जाऊन त्याला आणायला लागतं, आणि त्या 'कोणीतरी'ला आधी कोणीतरी फोन करायला लागतो. तुमचा ग्रुप हा तो फोन होता. अजून आहे, मागच्या नोव्हेंबरापर्यंत तरी होताच.

त्यामुळे पहिली गोष्ट मी तुम्हाला जरा हळूच विचारतो, राग मानू नका. ग्रुप मेलाय की तुम्ही दमलाय? दोन्ही असू शकतं. पण दुसरं असेल तर त्यासाठी ग्रुप बंद करायची गरज नाही, तुम्ही थांबलात तरी पुरे. अकरा-बारा वर्षं रोज रात्री फोन उशाशी घेऊन कुणाची एक्सेल शीट उघडत नाही, कुणाचं फॉर्म १६ जुळत नाही, हे बघायचं, कोणीही दमेल.

आता जीव गेला म्हणता तो कधी गेला ते बघू. तुम्हीच लिहिलंय की सुरुवातीला काय मजा होती. ते दिवस तसे होतेच. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांचा ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायची पद्धत, बघायला लोक जीपा करून जात होते, तिथून फोटो यायचे, फरशीवर आखलेले संख्यांचे पट्टे, चिंचोके, काड्यांचे गठ्ठे. मग २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा जीआर आला, प्रत्येक मूल शिकलंच पाहिजे असा, आणि एकदम प्रत्येकाला काहीतरी करून दाखवायचं होतं, करायचं कसं हे मात्र शेजारी विचारायला कोणी नव्हतं. दोन शिक्षकी शाळा, त्यातला एक मीटिंगला किंवा ट्रेनिंगला, दुसरा चार वर्ग सांभाळतोय, तो विचारणार कुणाला? रात्री जेवण झाल्यावर ग्रुपवर विचारणार. त्यातही तेव्हा ग्रुपमध्ये शंभरच माणसं बसायची, २०१६ मध्ये ती मर्यादा २५६ झाली, म्हणून तुमचे ग्रुप एक, ग्रुप दोन, ग्रुप तीन, आणि एकच मेसेज तिन्हीकडे टाकायचा. २०२२ मध्ये मर्यादा १०२४ झाली तेव्हा तुम्ही सगळे एकत्र केलेत. मधे लॉकडाउन गेला, अभ्यासमालेच्या ऑनलाइन धड्यांच्या लिंका, 'स्वाध्याय'च्या व्हॉट्सअ‍ॅप चाचण्यांचे मेसेज, पालकाकडे स्मार्टफोन नाही त्याचं काय, आणि त्याच शिक्षकाची दिवसा चेकपोस्टवर ड्युटी. त्या काळात हा ग्रुप किती लोकांचा आधार होता हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण पत्रात एक गोष्ट तुम्ही अभिमानाने लिहिलीय आणि मला वाटतं पाणी तिथेच मुरतंय. '२०१७ पासून आमच्या ग्रुपमध्ये केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि एक-दोन गटशिक्षणाधिकारीही आहेत.' मॅडम, ज्या ग्रुपमध्ये साहेब आहेत तिथे कोण विचारणार की 'माझ्या चौथीतल्या सहा मुलांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, काय करू?' हा प्रश्न विचारला की दुसऱ्या दिवशी शाळाभेट. त्यापेक्षा सुविचार टाकलेला बरा. लोकांचा उत्साह वगैरे संपला नाही हो, ते जपून बोलायला लागले, आणि जपून बोलायचं म्हटलं की गुड मॉर्निंगशिवाय हातात राहतं काय.

नवीन पोरांचंही तेच. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून लागलेली मुलं, सोळा हजार मानधनावर तीन वर्षं शिक्षण सेवक, घरापासून तीनशे किलोमीटर लांब. त्यांनी तुमच्या ग्रुपमध्ये येऊन बघितलं तर सगळे सर आणि मॅडम, वीस-वीस वर्षं सर्व्हिस झालेले, निवडश्रेणीचा, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीचा, प्रस्ताव कुठे अडकलाय यावर चर्चा चाललेली. त्यात आता टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची भर. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की सेवेची पाच वर्षांपेक्षा जास्त राहिली असतील त्यांना टीईटी पास व्हावंच लागणार, तेव्हापासून कुठल्याही शिक्षकांच्या ग्रुपवर दुसरं काही दिसत नाही, आणि ते बरोबरही आहे, नोकरीचा प्रश्न आहे. पण टीईटी पास होऊनच आलेल्या पोराला त्या चर्चेत काय म्हणायचंय? तो गप्प बसतो. तुम्ही त्याला 'कृतघ्न' म्हटलंय पत्रात, तो शब्द मी तुमच्या वतीने खोडून टाकलाय.

बरं, मग करायचं काय.

तुम्ही ३१ मे ला शाळेचा चार्ज देणार. त्याची तयारी आत्तापासून चालू असेल, जनरल रजिस्टर, डेडस्टॉक, कॅशबुक, पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ, कपाटाच्या चाव्या, सगळ्याची यादी, दोन सह्या. या यादीत 'शाळा बंद करणे' असं कलम कुठे नसतं. आपण आलो तेव्हा शाळा होती, आपण गेल्यावर राहील, मधल्या काळात काय होतं नि काय नाही याचा हिशोब पुढच्याला द्यायचा. ग्रुप तुम्ही काढला हे खरं, पण तो तुमच्या मालकीचा केव्हाच राहिलेला नाही, सातशे लोकांनी आपापल्या रात्री त्यात घातल्यात. म्हणून माझं मत, बंद करू नका, चार्ज द्या. आणि नीट यादी करून द्या.

फक्त तारीख बदला. ३१ मे ही तुमच्या सेवेची शेवटची तारीख आहे (आणि एक जूनचा वाढदिवस असलेल्या निम्म्या महाराष्ट्राचीही), तीच ग्रुपच्या निरोपाची कशाला? त्या दिवशी तुमच्याच ग्रुपमध्ये आणखी किती जण निवृत्त होत असतील, सगळीकडे शाल-श्रीफळाचे फोटो, तुमचा मेसेज त्यात वाहून जाईल. शिवाय मे महिना, कोण लग्नात, कोण गावाला, कोण बदलीच्या पोर्टलवर डोळे लावून. तुमच्या डोक्यात पेन्शन केस, सेवापुस्तक, ना-देय दाखले. नको. निवृत्त व्हा, आठ-पंधरा दिवस झोपा, शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भातल्या जरा उशिरा, त्या उघडल्या की सगळे पुन्हा फोनवर येतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यातली एखादी तारीख धरा आणि ती आत्ता जाहीर करून टाका. माणसांना तयारीला वेळ लागतो, तुम्हालाही लागेल.

आता यादी. ग्रुपमधलं काय ठेवायचं हा प्रश्न आला की तुमच्या डोळ्यासमोर पीडीएफ येतात, कारण पत्रात तुम्ही चार हजार पीडीएफचा उल्लेख केलाय. त्यातल्या बहुतेक जाऊ द्या. वर्णनात्मक नोंदींच्या पीडीएफ प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये पाच-पाच आहेत. जुने जीआर सरकारच्या वेबसाइटवर मिळतात. वार्षिक नियोजनं जुन्या पुस्तकांची, पहिलीचं पुस्तक २०२५-२६ ला बदललं, बाकीचीही टप्प्याटप्प्याने बदलतायत. इन्कम टॅक्सची शीट दरवर्षी नवीन लागते. हे सगळं सांभाळत बसलात तर जून २०३० उजाडेल.

ठेवण्यासारखं वेगळंच आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही. तुम्हीच लिहिलंय, नंदुरबारच्या शिक्षकांनी पहिलीतल्या मुलांसाठी पावरी या तिथल्या आदिवासी भाषेतल्या शब्दांची यादी केली होती, मग मेळघाटातून कोरकूची आली, रायगडकडून कातकरीची. पाणी, भूक, पोट दुखतंय, शी लागली, घरी जायचंय, मला येत नाही. असली यादी पहिल्या दिवशी हातात असणं म्हणजे काय हे ज्याचं पोस्टिंग तिथे झालंय त्यालाच कळेल. त्या याद्या शोधा, ज्यांनी केल्या त्यांच्या नावानिशी एका फाइलमध्ये घाला, त्यांना विचारून. मुलं हिशोबात कुठे अडकतात, हातच्याला काय केलं, बोलतच नसलेलं मूल कधी नि कसं बोललं, असे लांबलचक मेसेज असतील, तेही उचला. तुम्ही एकट्याने नको, पाच-सहा जणांना वर्षं वाटून द्या, तू २०१६ बघ, तू २०१८. एक्सपोर्ट चॅट केलं तर अलीकडचे साधारण चाळीस हजारच मेसेज येतात, तेही फोटो-फाइल सोडून, म्हणजे एकाच फोनवर अवलंबून राहून चालणार नाही, जुनं कुणाकुणाच्या जुन्या फोनमध्ये पडलेलं असेल. आणि जुन्या फाइलवर बोट ठेवल्यावर ती उघडतच नाही असं बऱ्याचदा होतं, तेव्हा आधी हे काम, निरोपाचं भाषण नंतर.

याच्याहीपेक्षा महत्त्वाची दुसरी यादी, माणसांची. कुठल्या तालुक्यात कोण, आणि त्याला काय विचारायचं. शिरोळच्या त्या मॅडम, त्या तर पहिल्या नंबरवर. ऊसतोडीची मुलं जिथे जिथे जातात त्या तालुक्यांतला एकेक माणूस, वीटभट्ट्या आहेत तिथला एकेक. शिष्यवृत्तीचं गणित कोण शिकवतो, दिव्यांग मुलांबद्दल कोण सांगू शकेल, पोषण आहाराचा हिशोब कोणाला तोंडपाठ आहे. ज्यांची हरकत नाही त्यांचीच नावं. सातशेतली साठ जरी झाली तरी तुमच्या इतक्या वर्षांच्या कामातलं निम्मं त्या दोन पानांत आलं. आत्ता ही यादी कुठे आहे माहितीये? तुमच्या डोक्यात. कोणी काही विचारलं की तुम्हाला बरोबर आठवतं कुणाला टॅग करायचं. ग्रुप चालायचा तो असा, आणि तुम्ही निघून गेलात की खरी अडचण होणार आहे ती इथे.

आणि काही गोष्टी पुसून जायच्या. मुलांचे आधार नंबर असलेल्या याद्या, सरल आणि अपार या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदणीच्या वेळी घाईघाईत टाकलेल्या. मुलींचे स्नेहसंमेलनाचे फोटो. कोणाच्या तरी आजारपणाची कागदं बदलीतल्या सवलतीच्या संवर्गासाठी पडताळून बघायला टाकलेली. तेव्हा कोणी विचार केला नाही, सगळेच करत होते. पण आता २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, अठराच्या आतल्या मुलांची माहिती हाताळायची तर पालकांची संमती घ्यायची असं त्यात आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी चौथीतल्या मुलीचा नाचाचा फोटो सातशे अनोळखी फोनमध्ये का असावा? दुसऱ्यांच्या फोनमधून तुम्ही काढू शकणार नाही हे खरं. पण तुमच्या फोनमधून काढा आणि सगळ्यांना काढायला सांगा, ऐकतील तेवढे ऐकतील.

यूट्यूबवाल्या सरांचं. तुम्ही त्यांच्यावर जरा जास्तच चिडलाय असं वाटलं. चॅनेल असणं हा गुन्हा नाही, त्यांचे व्हिडिओ तुमच्याच ग्रुपमधल्या लोकांनी वर्गात वापरले असं तुम्हीच लिहिलंय. पण एकट्यांच्या हातात देऊ नका हे मात्र बरोबर, आणि याचं कारण त्यांचा स्वभाव नाही, कुणाच्याच एकट्याच्या हातात देऊ नका. तीन अ‍ॅडमिन करा, वेगवेगळ्या जिल्ह्यांतले, त्यात एखादी तरी बाई, आणि एक जण असा की ज्याची सर्व्हिस पाच वर्षांच्या आत आहे. सर त्यातले एक राहू देत. स्वतःच्या चॅनेलच्या लिंका आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी, विकत घ्यायचं काहीही नाही, हा नियम तुम्ही जायच्या आधी तिघांनी मिळून टाकावा, तुम्ही नको. तुमचा नियम तुमच्यासोबत जाईल.

आणि साहेबांना काय करायचं? हे नाजूक आहे, काढून टाकलं तर अपमान होतो आणि शिक्षकाला ते परवडत नाही. सोपा मार्ग, या ग्रुपला हात लावू नका, तिघांनी फक्त वर्गातल्या अडचणींसाठी एक वेगळा छोटा ग्रुप काढावा आणि तिथे फक्त शिकवणारे. नाव अगदी कंटाळवाणं ठेवावं म्हणजे कोणी 'मलाही अ‍ॅड करा' म्हणणार नाही. सुविचार जुन्या ग्रुपवर सुखाने चालू राहू देत.

समजा महिनाभरात अ‍ॅडमिन व्हायला तीन माणसंही पुढे आली नाहीत. तर मग तुमचा अंदाज बरोबर होता आणि मी चुकलो, ग्रुप बंद करा, वाईट वाटून घेऊ नका. पण तेव्हाही एकदम नाही. 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' असं करून दिवाळीपर्यंत तसाच ठेवा, लोकांना हवं ते उतरवून घेऊ द्या, मग जा. याहू ग्रुप्सनी २०१९ च्या शेवटी सगळं जुनं साहित्य काढून टाकलं आणि २०२० च्या डिसेंबरात दार लावलं, आधी सांगितलं होतं, तरी ज्यांनी ती सूचना वेळेत वाचली नाही त्यांचं सगळं गेलं. सूचना वाचायला माणसाला वेळ लागतो, सूचना काढणारेच असूनही शिक्षकांना जास्तच लागतो.

आता त्या सरांची मुलगी. तिला सातशे लोकांसोबत कळवू नका. फोन करा, मेसेज नाही. तिला सांगा की मी चाललेय, ग्रुप राहणार आहे, तू हवं तितके दिवस थांब, हवं तेव्हा निघ. ती का थांबलीय हे विचारू नका, तिला सांगायचं असेल तर सांगेल. तुमच्याकडे वडिलांचे जुने मेसेज असतील, त्यांचा आवाज असलेला एखादा ऑडिओ असेल, कुणाला तरी भागाकार समजावून सांगत असलेला, तर 'पाठवू का' एवढं विचारा. ती हो म्हणाली तरच.

निरोपाचा मेसेज. तुम्ही पत्रासोबत कच्चा मसुदा जोडलाय, तो सुंदर आहे पण तो सेवापूर्तीच्या कार्यक्रमातल्या भाषणासारखा झालाय. ते कार्यक्रम आपल्याला माहीत आहेत, ज्यांनी वर्षभर मेडिकल बिल अडवलं तेच माइकवर येऊन 'मॅडमसारखी शिक्षिका होणे नाही' म्हणतात. तुमचा हा मसुदा टाकला तर त्याखाली सातशे 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा' येतील, हलणाऱ्या गुलाबांसकट, आणि रात्री अकरा वाजता तुम्ही ते एकेक वाचत बसाल आणि तुम्हाला एकदम रिकामं वाटेल कारण त्यात कोणीच काही सांगितलेलं नसेल.

त्यापेक्षा त्यांना काहीतरी काम द्या, शिक्षक काम दिलं की खुलतात. असं काहीतरी लिहा: 'या ग्रुपवर मिळालेली एखादी गोष्ट तुम्ही तुमच्या वर्गात वापरली असेल, तर ती कोणती आणि कुणी सांगितली होती, एवढंच लिहा. शुभेच्छा नकोत. मी तीस जूनला ग्रुपमधून बाहेर पडतेय, नवीन अ‍ॅडमिन हे तिघे.' झालं. कमी लोक लिहितील. चाळीस-पन्नास लिहितील. पण जे लिहितील त्यांच्यातलं अर्धं तुमच्याबद्दल नसेल, ते एकमेकांबद्दल असेल, अमुक सरांची काड्यांची युक्ती, तमुक मॅडमची यादी, आणि ते वाचताना तुम्हाला कळेल की तुम्ही काय केलं होतं. जे आता हयात नाहीत त्यांची नावं तुम्ही स्वतः त्या दिवशी लिहा, त्यांनी काय शिकवलं त्यासकट. फोटोला हार नको.

आणि जवळच्या दहा-बारा माणसांना वेगळं लिहा किंवा बोला. सातशे लोकांचा निरोप घेता येत नाही, कोणालाच, तो प्रश्नच सोडून द्या. ज्यांच्याशी खरंच नातं झालं ते तुम्हाला आत्ता न आठवता आठवतील.

मग बाहेर पडा. 'नुसती बघत राहते, बोलणार नाही' असं नको. तुम्ही आत आहात तोवर कोणीही काही विचारलं की सगळे तुमची वाट बघतील, नवीन अ‍ॅडमिनने काही बदल केला की चोरून तुम्हाला मेसेज येईल 'मॅडम, बघितलंत का', आणि तुम्ही बघितलेलं असेल. तुम्ही पत्रात एका ठिकाणी लिहिलंय, 'मी नसताना बंद पडला तरी त्रास होईल आणि माझ्याशिवाय छान चालला तरी होईल.' इतकं खरं वाक्य फार कमी जण लिहितात. होणारच त्रास. पण बंद करून टाकला की तो होणार नाही असं वाटतं ना, तिथे माझा तुमच्याशी मतभेद आहे. आपल्या हाताने बंद केलेली गोष्ट काही कमी छळत नाही.

सकाळी उठून काय बघायचं, असंही विचारलंय. याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. काही दिवस हात आपोआप फोनकडे जाईल. पण एक लक्षात घ्या, त्या साठ जणांच्या यादीत तुमचंही नाव असू द्या की, 'ऊसतोड स्थलांतर, हमी कार्ड' यापुढे. ग्रुपमधून गेलात म्हणून नंबर बंद होत नाही. नोव्हेंबरात फोन येईल कुणाचा तरी.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं. असेच ग्रुप चालवणारे किंवा नुसते त्यात असणारे बरेच जण लिहितात, कोणी बदली होऊन जिल्हा बदललाय म्हणून, कोणी नोकरी सोडलीय म्हणून, कोणाला नुसताच वैताग आलाय. साधे सदस्य असाल तर मोठा निरोप वगैरे काही लागत नाही, २०२२ पासून बाहेर पडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, तेव्हा जायचं तर शांतपणे जा, फक्त ज्याच्यामुळे तिथे टिकलात त्याला एक ओळ लिहा. भांडण झालंय म्हणून जात असाल तर रात्री जाऊ नका, सकाळी जा, बऱ्याचदा सकाळी जावंसं वाटत नाही. आणि एकटे अ‍ॅडमिन असाल तर तसेच उठून जाऊ नका, व्हॉट्सअ‍ॅप मग आपोआप कुणालातरी अ‍ॅडमिन करतं आणि तो कोण निघेल सांगता येत नाही, सुविचारवालाच निघायची शक्यता जास्त.

राहता राहिला तुमचा ता.क. निवृत्त शिक्षकांचा ग्रुप सोडू नका, पेन्शनचे आदेश, महागाई भत्ता, हयातीचा दाखला हे सगळं तिथेच लवकर कळतं. म्यूट करा. आणि तिथे कोणी 'मॅडम तुम्हाला अनुभव आहे, अ‍ॅडमिन व्हा' म्हणालं, म्हणतीलच, तर वर्षभर तरी नाही म्हणा.